माझ्या खोट्या आठवणीच्या बाजूने

मार्च संपत आला की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या दारात चपलांचे ढीग वाढू लागतात. आत पंखे गरगरत असतात आणि मुलं माना खाली घालून बसलेली असतात. झेरॉक्सच्या दुकानात कागद मशीनमधून इतका गरम निघतो की हातात धरवत नाही. मी याच भागात एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे परीक्षेचा हा मोसम दरवर्षी माझ्या अंगावरून जातो, आणि दरवर्षी त्यात मला माझे बाबा दिसतात. स्कूटरवर बसलेले, हँडलला डब्याची पिशवी लटकलेली, शर्ट वाऱ्यानं पाठीवर फुगलेला. मी मागे बसलेली, आणि तो शर्ट माझ्या तोंडावर फडफडतोय. साबणाचा वास, थोडा कारखान्यातल्या तेलाचा वास.

यंदा हा मोसम भांडण घेऊन आला. ही आठवण खोटी आहे, असं माझ्या भावानं मला पुराव्यानिशी सांगितलं.

आधी त्या वर्षाविषयी सांगते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आदल्या वर्षी एका पेपरात नापास झाले होते. आई-बाबा मूळचे यवतमाळकडचे. बाबांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आलेले, आणि विश्रांतवाडीत दोन खोल्यांत आमचा संसार. शेजारच्यांचा टीव्ही आमच्याच घरात असल्यासारखा ऐकू यायचा. म्हणून परीक्षेपुरती मी सदाशिव पेठेत एका बाईंकडे भाड्यानं खाट घेऊन राहिले. बाई सडसडीत, विधवा, आणि शब्द अगदी मोजून वापरणाऱ्या. पहिल्याच संध्याकाळी बाबा डबा घेऊन आले, तर त्यांनी बाबांना जिन्यातच थांबवलं.

"मुलींना भेटायला येणाऱ्यांनी जिन्यातच बोलायचं असतं."

"मी बाप आहे तिचा," बाबा म्हणाले.

"आपण वडीलच असाल. पण जिना सगळ्यांना सारखाच आहे."

बाबांनी तिथूनच डबा पुढे केला. पुढे परीक्षा संपेपर्यंत ते त्याच पायरीवर उभे राहून मला भेटले. पहिली पाळी संपवून, घरी जाऊन, आईनं भरलेला डबा घेऊन यायचे. पेठेतल्या मेसच्या आमटीत गूळ असतो आणि गुळानं पोरीचं डोकं मंद होईल, असा आईचा ठाम समज होता. डब्यात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जीभ पोळवणारा ठेचा. आमचं बोलणं साधारण असं व्हायचं. "होऊन राह्यलं का?" "होतंय." "बरं." मग ते रिकामा डबा घेऊन खाली उतरायचे.

रविवारी मात्र ते मला सिनेमाला न्यायचे. त्यांच्या मते अभ्यासानं डोकं तापतं आणि ते थंड करायला थिएटरासारखी जागा नाही. पेठेजवळच्या एका थिएटरात दुपारी हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे लागत. बाबांना त्यातले विज्ञानाचे सिनेमे फार आवडायचे. यान, यंत्रमानव, काचेच्या खोल्या, निळा उजेड. कारखान्यात दिवसभर यंत्रापुढे उभं राहणाऱ्या माणसाला रविवारी पुन्हा यंत्रंच कशी बघवतात, हे मला कधी कळलं नाही.

त्यातला एक सिनेमा मला अजून लख्ख आठवतो. म्हणजे आठवतो असं मी म्हणते. त्यातल्या माणसाला आपलं बालपणीचं घर आठवत असतं, समुद्राकाठचं, पिवळ्या दाराचं. त्या दाराशी त्याची आई उभी असते. मग त्याला कळतं की त्याच्या वस्तीतल्या प्रत्येकालाच ते पिवळं दार आठवतंय. कुणीतरी ते कारखान्यात तयार करून सगळ्यांच्या डोक्यात घातलेलं असतं. तो गुडघ्यांवर बसून रडतो. थिएटरात कुणीतरी शिट्टी मारली. मी मात्र ओढणीनं डोळे पुसत होते.

बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "म्हणजे तो माणूस कुणीच नाही, बाबा. त्याचं काहीच त्याचं नाही."

"कुनीच नाई कसा? भूक तं लागते ना त्याले," बाबा म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. "असं डोक्स्यात घालता येत असन, तं तुह्या त्या पेपरचं घालून मांगू त्याईले."

मी चिडले. इतक्या गंभीर गोष्टीचं त्यांनी हसू केलं म्हणून. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते आणि माणूस म्हणजे त्याच्या आठवणी, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

नंतरच्या वर्षांत मी असे पुष्कळ सिनेमे पाहिले. आता ते मोबाईलवर दिसतात, थिएटरची गरज नाही. त्यांत आठवणीचं काय काय करतात! पुसतात, विकतात, एकाची काढून दुसऱ्याला लावतात. पण बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी असते. डोक्यात एक कपाट आहे, कपाटात डब्या आहेत, आणि प्रत्येक डबीत एक आठवण घडली तशीच्या तशी बंद आहे. खरी डबी काढून खोटी ठेवली की माणूस बिघडला. नायकाला ते कळलं की तो कोसळतो. आणि खोटी डबी ठेवायला नेहमी एखादा क्रूर शास्त्रज्ञ किंवा मोठी कंपनी लागते. आमच्याकडे माझा धाकटा भाऊ पुरला, आणि तोही प्रेमानं.

नितीन आयटीत आहे. खराडीला राहतो. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते, विश्रांतवाडीतच. यंदा तिची पंचाहत्तरी करायची ठरलं तेव्हा नितीन म्हणाला, "ताई, मी एक सरप्राइज करतोय." एका रविवारी तो घरी आला, आम्हा दोघींना सोफ्यावर बसवलं आणि टीव्हीला फोन जोडला.

आमच्याकडे एक जुना फोटो आहे. परीक्षेच्या पहिल्या दिवशी केंद्राबाहेर माझ्या मैत्रिणीच्या भावानं काढलेला. मी हातात पॅड घेऊन उभी, चेहरा पांढराफटक. शेजारी बाबा, हात मागे बांधून, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. आम्हा दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस आरामात उभा राहील इतकं अंतर. तो फोटो पडद्यावर आला, आणि हलला.

बाबांनी मान वळवली. माझ्याकडे पाहून हसले. दात एकसारखे, पांढरे. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले, मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू नक्की यशस्वी होशील, बाळा. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

आवाज खोल होता, उच्चार शुद्ध. णचा ण.

आई रडायला लागली. नितीनचेही डोळे भरले होते. मी टीव्हीकडे बघत बसले होते. बाबांनी मला उभ्या जन्मात बाळा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी केंद्राबाहेर ते जे बोलले ते मला पाठ आहे. "लिहून ये. नाई झालं तं पुन्हा देजो." नापास होऊन आलेल्या मुलीला त्या वाक्यानं काय दिलं होतं, ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. पुन्हा देता येतं. जग काही संपत नाही. टीव्हीतल्या माणसाचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. बाबांचा नव्हता, आणि तरीही ते रोज येत होते.

"कसं वाटलं?" नितीननं विचारलं.

"छान केलंयस," मी म्हणाले. आईसमोर दुसरं काय म्हणणार.

एआयकडून करून घेतलेला तो व्हिडिओ त्यानं आईच्या फोनवर पाठवला. आई तो चहा पिताना बघायची, दुपारी आडवी झाली की बघायची. काही दिवसांनी शेजारच्या कुलकर्णी काकू आल्या होत्या. मी आत उत्तरपत्रिका तपासत होते आणि बाहेरचं बोलणं कानावर येत होतं. आई सांगत होती, "पेपरच्या दिवशी यायनं हिले पोटाशी धरलं होतं. म्यां पायलं ना. हिच्या डोक्स्यावरून असा हात फिरवला."

मी पेन खाली ठेवलं. आई त्या दिवशी केंद्रावर नव्हतीच. ती घरी होती, तापानं फणफणलेल्या नितीनपाशी.

सिनेमात खोटी आठवण घालताना खुर्ची असते, पट्टे असतात, डोक्याला वायरी लावतात, माणूस किंचाळतो. इथे एक म्हातारी बाई चहाचा कप हातात घेऊन हसत होती. कुठे काही दुखलं नाही. एक माणूस आला आणि दुसरा घरातून निघून गेला, दार वाजलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी नितीनला फोन केला आणि सांगितलं की हा व्हिडिओ पंचाहत्तरीच्या हॉलमध्ये लावायचा नाही.

"ताई, ट्रिब्यूट आहे गं तो. इतकी इमोशनल का होतेस?"

"ते बाबा नाहीत."

"मला माहितेय ते बाबा नाहीत. पण आईला आनंद होतोय ना?"

"तिला आता तेच खरं वाटायला लागलंय, नितीन. जे घडलं नाही ते ती पाहिलं म्हणून सांगतेय."

तो म्हणाला, "आणि तुझं काय? तू दरवर्षी ती स्कूटरची गोष्ट सांगतेस. बाबा तुला स्कूटरवर घेऊन जायचे, शर्ट फुगायचा वगैरे. त्या वर्षी स्कूटर नव्हतीच आपल्याकडे. दिवाळीतच गावी काकांना दिली होती. मी रडलो होतो, म्हणून मला लक्षात आहे."

"काहीतरीच काय."

त्यानं फोटो पाठवला. गावचं अंगण, झेंडूची माळ घातलेली आमची स्कूटर, तिच्यावर काका, आणि बाजूला तोंड पाडून उभा असलेला दहावीतला नितीन. मी तो आईपुढे धरला. आई म्हणाली, "हो, देल्ली होती ना. तुह्याकडे तं ते बसनंच येत होते. मनपापाशी उतरत आन् तिथून पायी."

दुसऱ्या दिवशी क्लास संपल्यावर मी त्या जुन्या गल्लीपर्यंत चालत गेले. बाईंचं घर पाडून तिथे केव्हाच इमारत झालीय, खाली दाताचा दवाखाना आहे. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि बाबांना बसमधून यायला लावायचा प्रयत्न केला. संध्याकाळची गर्दी, एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातानं डबा छातीशी धरलेला. दिवसभर आधीच उभे राहिलेले पाय. पुलावरून चालत येणं, पेठेतल्या गल्ल्या, जिना, आणि त्या जिन्यातली ती पायरी. हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं मला काहीही दिसत नव्हतं. मला दिसत होती स्कूटर.

सिनेमातल्या नियमाप्रमाणे मी तिथेच गुडघ्यांवर बसायला हवं होतं. माझं पिवळं दार सापडलं होतं. मी शिक्षिका आहे, चूक दिसली की लाल पेनानं गोल करायची सवय आहे मला. पण त्या फुटपाथवर उभ्या उभ्या माझ्या मनात दु:खाऐवजी संताप भरत गेला. मी का म्हणून कोसळू?

स्कूटर खरीच होती. तिच्यावर मी बसले होते, आदल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी, शाळेत जाताना, दवाखान्यात जाताना. तो शर्ट खरा होता, तो वास खरा होता. मीच कधीतरी एका वर्षाचा तुकडा उचलून दुसऱ्या वर्षाला जोडला. का जोडला, तेही मला आता कळतं. दमलेले बाबा रोज बसमध्ये उभे राहून येतात, हे मला तेव्हाही बघवत नसणार. म्हणून मी त्यांना बसायला जागा दिली. जरा वारा दिला. ही चूक मी केलीय, माझ्या हातानं, माझ्या माणसासाठी. तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे आहेत. ती खोटी असेल, पण परकी नाही.

आणि तिच्याशी भांडता येतं. नितीन म्हणाला स्कूटर नव्हती, आई म्हणाली बस होती, आणि त्या भांडणातून मला मनपापासून चालत येणारे बाबा मिळाले, जे माझ्याकडे कधीच नव्हते. त्या व्हिडिओशी कोण भांडणार? त्यातला माणूस कुणाच्याच चुकीतून आलेला नाही. जगभरातल्या समजूतदार बापांची सरासरी काढून तो आलाय. तो कुणाच्याही मुलीला जवळ घेईल आणि तेच वाक्य बोलेल. तुम्ही कितीदाही लावा, तो हसतोच.

हे सगळं मी नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, आईलाच विचारू." मला ते पटलं. पंचाहत्तरी तिची होती, नवराही तिचा होता.

तो शनिवारी आला. मी आईला सरळच विचारलं, "आई, हा व्हिडिओ हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायचा का?"

आई फोनकडे बघत राहिली. "मले मालूम आहे हा तो नाई म्हणून," ती म्हणाली. "तुमाले वाटते म्हातारीले समजत नाई. पण हा बोलते तरी. तुहा बाप कधी बोलला काय?"

चाळीस वर्षं 'बरं' आणि 'हो' यांवर संसार केलेल्या बाईला, दोन गोड वाक्यं ऐकू नकोस असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? नितीनही माझ्याकडे बघत होता. जिंकल्यासारखा मुळीच नाही. अवघडल्यासारखा.

मी म्हणाले, "बरं. राहू दे. पण फोन बाजूला ठेव आणि मला एक सांग. ते कारखान्यातून आल्यावर दारातून तुला हाक कशी मारायचे?"

"अशीच की," आई म्हणाली. "म्हणत..." ती थांबली. डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द येईना. तिनं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी एकदाच पाहिलं होतं, बाबांना दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं त्या दिवशी.

"मले ह्याचाच आवाज येऊन राह्यला," ती म्हणाली. "त्याचा येत नाई."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती विरली. मग आईनं फोन उचलून नितीनपुढे धरला.

"काढ हे याच्यातून."

"आई, तू नंतर कधी..."

"काढ म्हणते ना. हा लय चांगला माणूस आहे, बापा. पण मले माहा माणूस आठवू दे."

नितीननं काढून टाकला. त्याला लागलं होतं, आणि का लागू नये. त्यानं त्यासाठी कित्येक रविवार घातले होते. जेवायला न थांबता तो गेला.

पंचाहत्तरीच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही तोच जुना फोटो ठेवला, न हलणारा. जेवणं झाल्यावर लोक त्याच्याभोवती जमले आणि बोलू लागले. काका म्हणाले, लहानपणी दादा फार मारकुटा होता. आई म्हणाली, छे, त्यानं कधी मुंगी मारली नाही. कारखान्यातले एक जुने सोबती सांगू लागले की बाबा उत्तम गायचे, त्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा गात होते की नव्हते यावर तिथे दोन तट पडले. कुणीही खात्रीनं काही सांगू शकत नव्हतं आणि प्रत्येकजण खात्रीनंच सांगत होता. त्या गलक्यात मला बाबा जितके जवळ वाटले, तितके कित्येक वर्षांत वाटले नव्हते. हा घोळ, ही ओढाताण, हे एकमेकांना खोडून काढणं मी कुठल्याही यंत्राला द्यायला तयार नाही. उद्या अगदी बिनचूक आठवण मिळायला लागली, तरी मला ती नको. माझ्या आठवणीत मला माझ्या चुका हव्यात, आणि त्या दुरुस्त करायला माझी माणसं हवीत.

नितीन त्या कार्यक्रमात मागच्या खुर्चीवर बसून होता. मग आठवडाभर त्याचा फोन नव्हता.

परवा मी मंडईत कैऱ्या घेत होते. भर दुपारची वेळ. फोन वाजला.

"ताई, ऑफिसमधनं बोलतोय. एक विचारायचं होतं."

"विचार."

"बाबा शिंकायचे कसे गं? म्हणजे काहीतरी वेगळंच होतं ना ते? सकाळपासून आठवायचा प्रयत्न करतोय. मला येतच नाहीये."

मी इकडेतिकडे पाहिलं. कैरीवाल्या मावशी माझ्याकडे बघत होत्या, शेजारी दोन बायका भाव करत होत्या. मी फोन तोंडाशी धरला आणि बाबांसारखी शिंकले.

नितीन म्हणाला, "नाही नाही. असं नव्हतं. शेवटी ते काहीतरी म्हणायचे."

"काही नाही म्हणायचे."

"म्हणायचे गं. 'अरे माय' असं काहीतरी. पुन्हा कर."

"भर मंडईत उभी आहे मी, नितीन."

"मग काय झालं?"

मावशींनी तराजू खाली ठेवला होता आणि आता त्या उघडच ऐकत होत्या. मी पिशवी पायाशी ठेवली, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा शिंकले. या वेळी अख्ख्या ओळीला ऐकू जाईल इतक्या जोरात, शेवटी 'अरे माय' लावून.

"हां," नितीन म्हणाला. "जवळ आलीस."